जुन्या जीपचे कमानपाटे

आपल्यापैकी पुष्कळांच्या गावात अजून एखादी जुनी जीप असेल. कोणाच्या वाड्यात, कोणाच्या गोठ्याशेजारी, कोणाच्या दुकानापुढे ती उभी असते. दिवसा खताची पोती वाहते, बाजाराच्या दिवशी माणसे वाहते, आणि रात्री-अपरात्री एखाद्या बाळंतिणीला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचवते. तिचा रंग उडालेला असतो, टपाचे कापड फाटलेले असते. पण इंजिन चालते आहे तोवर गावाचा तिच्यावर भरवसा असतो. मात्र त्या इंजिनाइतकीच महत्त्वाची अशी एक वस्तू तिच्या पोटाखाली चिखलात दडलेली असते. तिच्याकडे आपण मोडेपर्यंत पाहात नाही. ती वस्तू म्हणजे गाडीची कमान. त्या कमानीबद्दल, तिच्या बुशांबद्दल आणि ती दोन्ही कशी बदलावीत ह्याबद्दल आज चार शब्द सांगणार आहे.

ही गाडी मूळची लष्करातली. 1941 साली अमेरिकेत विलीज कंपनीने लढाईसाठी जी छोटी गाडी बनवली, तीच पुढे जीप म्हणून जगभर गेली. आपल्याकडे 1947 सालापासून मुंबईत महिंद्र कंपनीने विलीजच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात केली, आणि मग कितीतरी वर्षे ह्या घराण्यातल्या गाड्या इथेच तयार झाल्या. नमुने बदलले, इंजिने बदलली, पण पुढे दोन आणि मागे दोन अशा चार पोलादी कमानी बहुतेकींच्या खाली राहिल्या. म्हणून मी जे सांगतो आहे ते ह्या घराण्यातल्या बहुतेक जुन्या गाड्यांना लागू पडेल.

आता कमान म्हणजे काय? पोलादाच्या लांब पट्ट्या एकाखाली एक रचलेल्या असतात. त्यांना आपण पाटे म्हणतो. वरचा सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना पोलाद गोल वळवून डोळा केलेला असतो. मुख्य पाट्याखालचे पाटे उतरत्या लांबीचे. सगळ्यांच्या मधोमध एक भोक, आणि त्यातून आरपार जाणारा सेंटर बोल्ट. ॲक्सल कमानीवर बसतो आणि यू आकाराच्या बोल्टांनी तिच्याशी आवळलेला असतो. कमानीचा एक डोळा चेसिसला पक्का जोडलेला, आणि दुसरा डोळा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला. जुन्या विलीज नमुन्यात पुढच्या कमानीची शॅकल पुढच्या टोकाला असते आणि मागच्या कमानीची मागच्या टोकाला. आणि प्रत्येक डोळ्यात घर्षण सोसणारी एक नळी बसवलेली असते, तिला बुश म्हणतात.

एक टोक झुलते कशाला ठेवले, असे कोणी विचारील. कमान वाकलेली असते. चाक खड्ड्यातून वर आले की ती सपाट होऊ लागते, आणि सपाट होताना तिच्या दोन डोळ्यांतले अंतर वाढते. दोन्ही टोके पक्की असती तर कमानीला वाकताच आले नसते. शॅकल त्या वाढत्या लांबीला वाट करून देते.

शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, हा धडा वर्गात शिकवायला फार सोपा आहे. एक जाडशी वही घ्या आणि मधून वाकवा. पानांच्या कडा एकसारख्या राहात नाहीत, पायऱ्या पायऱ्या होतात, म्हणजे पाने एकमेकांवर सरकतात. कमानीतले पाटे अगदी असेच सरकतात, आणि त्या घसटीने गाडीची उसळी थोडी शमते. आता दुसरी गोष्ट. एक जाड पोलादी पट्टी का नाही घालत? ह्याचे उत्तर गणितात आहे. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो. जाडी निम्मी केली की ताठपणा एक अष्टमांश उरतो. अशा निम्म्या जाडीच्या दोन सुट्या पट्ट्या एकावर एक ठेवल्या, तर दोघींचा मिळून ताठपणा एका जाड पट्टीच्या पाव होतो. पण तितक्याच वाकवल्या, तर प्रत्येकीच्या पृष्ठभागावर येणारा ताण जाड पट्टीच्या निम्माच असतो. म्हणून पातळ पाट्यांची चळत पुष्कळ वाकते, पण मोडत नाही. मुलांना हे एकदा कळले, की घरची जीपही त्यांना पाठ्यपुस्तकासारखी वाचता येईल.

हेच गणित एका वाईट खोडीवरही बोट ठेवते. कमान बसली, गाडी खाली टेकू लागली, की कोणीतरी सांगतो, “दोन पाटे वाढवून घ्या, मग हवी तेवढी माणसे भरा.” पाटे वाढवले की गाडी उभी राहते खरी, पण कमान ताठ होते आणि खड्ड्याचा जो मार तिने खायचा तो चेसिसला, खिळ्यांना आणि बसणाऱ्यांच्या मणक्यांना बसतो. शिवाय ब्रेक, टायर आणि ॲक्सल पूर्वीचेच राहतात. ओझे वाढले म्हणून त्यांची ताकद वाढत नाही. म्हणून कमान बदलायची ती मूळ मापाची, मूळ पाट्यांची. ओझ्याचा प्रश्न ओझे कमी करूनच सुटतो.

कमान बदलायची वेळ आली हे ओळखावे कसे? गाडी सपाट जागी रिकामी उभी करा. आधी चारी टायरांतली हवा तपासा, कारण हवा कमी असली तरी गाडी कलते. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजा आणि वहीत लिहून ठेवा. डाव्या-उजव्या बाजूंत ठळक फरक असेल तर एक कमान बसली आहे. मग कमानीच्या पक्क्या डोळ्याच्या बोल्टापासून ॲक्सलपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. ते सारखे नसेल तर बहुधा सेंटर बोल्ट तुटला आहे आणि ॲक्सल एका बाजूने सरकला आहे. अशी गाडी रस्त्यावर खेकड्यासारखी तिरपी चालते. पाट्यांवर आडवी तडा आहे का, हे तारेच्या ब्रशाने घासून पाहा. मग कोणाला तरी स्टिअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि खाली बसून शॅकलकडे नजर ठेवा. डोळा बोल्टावर खडखड हलत असेल तर बुश संपले. गाडी सरळ चालत नाही, खड्ड्यात खट्ट असा आवाज येतो, ह्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा ह्या लहानशा बुशातच असते.

नवी कमान आणायला जाताना जुने माप बरोबर न्या. दोन डोळ्यांतले अंतर, पाट्यांची संख्या, जाडी, रुंदी, डोळ्याचा आणि बोल्टाचा व्यास, आणि सेंटर बोल्टापासून दोन्ही डोळ्यांपर्यंतची अंतरे. जुन्या विलीज नमुन्याच्या कमानीची रुंदी पावणेदोन इंच, म्हणजे साधारण साडेचव्वेचाळीस मिलिमीटर असते. नंतरच्या काही गाड्यांत ती जास्त आहे. कमानी नेहमी जोडीने बदलाव्यात, एकाच ॲक्सलच्या दोन्ही. एक नवी आणि एक थकलेली, ही जोडी नव्या-जुन्या बैलांच्या जोडीसारखी. गाडी एकीकडे ओढली जाते. काही जुन्या जीपांत पुढची डावी आणि उजवी कमानही अगदी सारखी नसते, तेव्हा खूण करूनच काढा. यू-बोल्ट, त्यांच्या नटा आणि सेंटर बोल्ट नवेच घ्या. एकदा आवळून ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरणे म्हणजे दोन पैसे वाचवून ॲक्सल पणाला लावणे. आणि तुटलेला पाटा वेल्डिंग करून घेऊ नका. पोलादाला दिलेले पाणी त्या उष्णतेने उतरते, आणि पाटा सांध्याशेजारीच पुन्हा तुटतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पण त्याआधी माझी एक चूक सांगतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी घरच्या जीपची मागची कमान काढायला मी आणि माझा पुतण्या बसलो होतो. अंगणाला थोडासा उतार. मी हँडब्रेक ओढला आणि निर्धास्तपणे मागचे एक चाक जॅकवर उचलले. चाकाला पाचर लावली नव्हती. पुतण्या नट सोडायला आत हात घालणार, तोच गाडी हळूच पुढे सरकली, जॅक तिरपा झाला आणि चेसिस जमिनीवर आदळली. पोराचा हात चार बोटांच्या अंतराने वाचला. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. हँडब्रेक तर ओढलेला होता, मग गाडी सरकली कशी?

कारण पुढे कळले, आणि ते प्रत्येक जीपवाल्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ह्या जुन्या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो गिअरच्या पेटीमागे, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट अडला तरी मागच्या दोन चाकांच्या मधे डिफरन्शियल आहे. एक चाक जमिनीवर आणि एक अधांतरी असले, की जमिनीवरचे चाक पुढे फिरू शकते आणि अधांतरीचे तेवढेच उलटे फिरते. शाफ्ट जागचा हलत नाही, आणि गाडी मात्र सरकते! म्हणजे मागचे एक चाक उचलले की त्या हँडब्रेकचा काही उपयोग उरत नाही. चूक माझीच होती. यंत्राने आपला नियम पाळला. मला तो ठाऊक नव्हता.

म्हणून पहिला नियम. जागा सपाट आणि कठीण. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी. दुसरा नियम. जॅक हा उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. गाडी उचलली की चेसिसखाली, कमानीच्या हँगरपासून थोडे अंतर सोडून, लोखंडी घोड्या लावा. विटा, सिमेंटचे ठोकळे, दगडांची रास ह्यांवर गाडी ठेवू नका. ते न सांगता फुटतात. काढलेले चाकही चेसिसखाली आडवे सरकवून ठेवा. घोडी सुटलीच, तर गाडी चाकावर पडेल, माणसावर पडणार नाही.

आदल्या दिवशीच सगळ्या नटांच्या आट्या तारेच्या ब्रशाने साफ करून गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. रात्रभर ते मुरते आणि सकाळी निम्मी झटापट वाचते. काम एका वेळी एकाच बाजूचे करा. दुसऱ्या बाजूची कमान जागेवर असली म्हणजे ॲक्सल भरकटत नाही.

गाडी घोड्यांवर बसली की ॲक्सलखाली वेगळा जॅक लावून त्याचे वजन तोला. शॉकअब्सॉर्बरचे खालचे टोक सोडा. ब्रेकच्या रबरी नळीकडे लक्ष असू द्या. ॲक्सल कधीही तिच्यावर लोंबता कामा नये. आता यू-बोल्टांच्या नटा सोडा आणि खालची पट्टी काढा. जुन्या जीपला कमान ॲक्सलच्या खाली असते, तेव्हा ती सुटताच खाली येईल. तिला आधार द्या, ती दिसते त्यापेक्षा जड असते. जॅक थोडा वर-खाली करून कमानीवरचा ताण गेला असे दिसले, की मग शॅकल आणि शेवटी पक्क्या टोकाचा बोल्ट काढा. बोल्ट ठोकून काढताना नट दोन आटे ठेवून ठोका, म्हणजे आट्या बिघडत नाहीत. तोंड बाजूला ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या. यू-बोल्ट सगळे एकसारखे असतातच असे नाही, म्हणून कोणता कुठला हे लिहून ठेवा.

काढलेली कमान उकलायची असेल तर एक सावधगिरी. नुसता सेंटर बोल्ट सोडू नका. पाटे दाबलेले असतात, बोल्ट सुटताच ते झटक्याने उडतात. सेंटर बोल्टाच्या दोन्ही बाजूंना शिकंजे लावून मगच बोल्ट काढा आणि शिकंजे हळूहळू सैल करा.

आता बुश. जुन्या जीपांत दोन-तीन तऱ्हा आढळतात. पहिली तऱ्हा आट्यांच्या बुशांची. ह्यात शॅकल यू आकाराची असून तिच्या पायांना आटे असतात आणि बुश त्यांवर फिरवून डोळ्यात बसवतात. ह्यांतले काही बुश डाव्या आटीचे असतात. बसत नाही म्हणून पाना लावून जबरदस्ती केली, की शॅकल आणि बुश दोन्ही वाया. हाताने फिरवून पाहा. सहज गेला तर तो त्याच जागेचा. दोन्ही पायांवर सारखे आटे चढले पाहिजेत. बुश डोळ्यात घट्ट बसावा, पण शॅकल हाताने झुलली पाहिजे. ह्या तऱ्हेला ग्रीस हवेच.

दुसरी तऱ्हा साध्या धातूच्या बुशाची, बोल्टाला ग्रीस निपल असलेली. ह्यात ग्रीसचे भोक आणि खाच समोरासमोर यायला हवीत, नाहीतर पंप मारून ग्रीस बाहेरच येते.

तिसरी तऱ्हा रबरी बुशाची. जुना बुश निघत नसेल तर तो जाळू नका. रबराचा धूर घातक असतो आणि पाट्याचे पाणीही उतरते. एक लांब बोल्ट, दोन नटा, एक मोठी आणि एक लहान नळी घेऊन त्याला ओढून काढता येते. बाहेरचे लोखंडी कवच गंजून धरलेच, तर करवतीच्या पात्याने आतून एक खाच पाडा, डोळ्याला धक्का न लावता. नवा रबरी बुश बसवताना साबणाचे पाणी लावा. तेल किंवा साधे ग्रीस लावले तर रबर फुगते आणि सडते. हल्ली पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते टिकाऊ असतात, थोडे कडक असतात, आणि त्यांच्याबरोबर सांगितलेलेच ग्रीस त्यांना लावायचे.

कमान चढवण्याआधी हँगर आणि शॅकलची भोके तपासा. भोक लांबट झाले असेल किंवा हँगरला तडा असेल, तर नवा बुश महिनाभरात संपेल. ते आधी दुरुस्त करून घ्या.

चढवताना आधी पक्के टोक लावा, मग शॅकल. बोल्ट हातानेच फिरवा, अजून आवळू नका. मग कमान आणि ॲक्सल जवळ आणा आणि सेंटर बोल्टाचे डोके ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात नेमके बसले आहे का, ते बोट लावून पाहा. सगळ्या कामाची किल्ली इथे आहे. डोके भोकात नसताना यू-बोल्ट आवळले, तर वरून सगळे ठीक दिसते, पण पहिल्याच मोठ्या खड्ड्यात ॲक्सल सरकतो. यू-बोल्टाच्या चारी नटा थोड्याथोड्या, समोरासमोरच्या कोनांतून आवळत जा, चूल मांडताना तिन्ही दगड सारखे करतो तशा. किती आवळायच्या ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. माप दाखवणारा टॉर्क पाना गॅरेजमधून तासाभरासाठी मागून आणा.

आणि आता पुष्कळ मिस्त्रीही चुकतात ती गोष्ट. रबरी बुशांचे बोल्ट गाडी अधांतरी असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाके लावा, गाडी जमिनीवर उतरवा, पुढे-मागे ढकला, दोन-चार वेळा दाबून हलवा, आणि तिचे स्वतःचे वजन कमानीवर आले की मग ते बोल्ट आवळा. अधांतरी आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते आणि नेहमीसाठी पिळलेलेच राहते. असा बुश थोड्याच दिवसांत फाटतो, आणि आपण दोष देतो तो दुकानदाराला.

आता पुन्हा टेप घ्या आणि मघाची मापे मोजा. दोन्ही बाजू सारख्या आल्या का? शॅकल थोडी तिरपी उभी आहे ना, कमान सपाट झाल्यावर तिला आणखी सरकायला जागा आहे ना? ब्रेकची नळी कुठे ताणत नाही ना? नव्या कमानीने गाडी थोडी उंच होते, म्हणून हेडलाइटचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही ना, हेही रात्री भिंतीवर पाडून पाहा. पहिली फेरी हळू आणि रिकामी करा. शंभरएक किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळा. नवे पाटे एकमेकांवर बसतात आणि नटा थोड्या सैल होतात. हा दुसरा आवळा राहून गेला, म्हणूनच कित्येक सेंटर बोल्ट तुटतात. कारण खरे ओझे यू-बोल्टांच्या पकडीने धरायचे असते, ती पकड ढिली झाली की सगळा भार त्या एका बोल्टावर येतो.

पुढची निगा फारशी नाही. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर कमानी धुऊन नटा तपासा. ग्रीसच्या निपलांना वेळच्या वेळी ग्रीस द्या. पाट्यांना धरून ठेवणाऱ्या पट्ट्या जागेवर आहेत का, ते पाहा. हे काम अर्ध्या तासाचे आहे.

काढलेले जुने पाटे मात्र भंगारात टाकू नका. गावचा लोहार त्यांचे चांगले कोयते आणि विळे करतो. ते पोलाद धार धरते. ओझे वाहून थकलेला पाटा असा पुन्हा शेतात कामाला येतो.

मंडळी, हे काम मोठ्या कसबाचे नाही. धीराने, माप घेऊन, आणि पाचर लावूनच ते करायचे. पुन्हा कधी एखाद्या रात्री तुमच्या दारात कोणी धावत येईल आणि म्हणेल, “भाऊ, जीप काढा, दवाखान्यात जायचंय,” तेव्हा किल्ली फिरवताना तुमच्या मनात गाडीच्या पोटाखालची शंका नसावी, एवढ्यासाठीच हे सांगितले.